मोजायची राहिलेली माणसे

मित्रांनो, वेंडेल स्कारच्या गोठ्यामागे, कमरेइतक्या गवतात, एकाच दिव्याने तुमच्याकडे बघत उभी असलेली ही हिरवी पिकअप गाडी म्हणजे मी. माझा दुसरा दिवा एका हरणाने फोडला. हिरवी म्हणते खरी, पण आता माझ्या अंगावर हिरवा रंग शोधावाच लागतो. माझ्या मागच्या हौद्यात पक्ष्यांनी घरटी केली आहेत आणि भाडे काही देत नाहीत. असो. रडगाणे गायला मी तुम्हाला थांबवलेले नाही. मी एके काळी आमदाराची गाडी होते. ती आमदारकी कशी गेली आणि तिच्यामागून काय काय गेले, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथून आगगाडीने मी अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या पूर्वेकडच्या माळरानावर, विलो फोर्क नावाच्या गावात आले. गुरे पाळणाऱ्या लॉइड ब्रेकेने मला विकत घेतले. मी गवताचे भारे वाहिले, कुंपणाच्या तारा वाहिल्या, बर्फात अडकलेल्या मोठमोठ्या गाड्या ओढून काढल्या. फेब्रुवारीच्या थंडीत एखादे वासरू जन्मताच काकडून पडले, की लॉइड त्याला उचलून माझ्या आतल्या जमिनीवर, गरम हवा येते तिथे आणून ठेवी. थोड्या वेळाने ते धडपडत उभे राही आणि माझ्या बैठकीवर घाण करी. त्या घाणीचे मला कधी वाईट वाटले नाही.

लॉइड एका उन्हाळ्यात कुंपणापाशीच कोसळला आणि गेला. त्याची बायको आर्डिस मला चालवू लागली. ती चालवताना माझ्याशी बोलायची. घरात आता बोलायला कोणी नव्हते ना!

पुढच्या वर्षी आमच्या मतदारसंघाचे आमदार थकले. त्यांच्या जागी उभे राहायला कोणी तयार होईना. आमच्याकडची माणसे गप्पा मारायला खुर्च्या शोधत नाहीत, पिकअपच्या हौद्याच्या कडेवर कोपरे टेकून उभी राहतात. तशी ती एकदा माझ्याभोवती उभी होती. शेजारचा वेंडेल म्हणाला, "आर्डिस, तूच उभी राहा की."

"मी? आणि फेब्रुवारीत माझ्या गाई व्यायला लागल्या की? अधिवेशन जानेवारीपासून एप्रिलपर्यंत. माझ्या गाई काय गव्हर्नरसाहेब बाळंत करणार?"

"त्यांना नाही जमायचं. मी करीन."

"तू? तुझ्या स्वतःच्या गाईंचं काय?"

"माझ्या गाई शहाण्या आहेत. त्यांचं त्या बघतात. तुझ्या तुझ्यावर गेल्यात, म्हणून काळजी."

सगळे हसले आणि त्या हसण्यातच आमचा आमदार ठरला. आर्डिसच्या विरुद्ध कोणी उभे राहिले नाही. कोण राहणार? त्यानंतर प्रत्येक अधिवेशनात वेंडेल आणि इतर शेजारी पाळ्या लावून तिच्या गोठ्यात जागत. ती राजधानीत आमच्यासाठी भांडायची, आणि ते इकडे तिच्या वासरांचे पाय धरून ओढत. आमच्याकडे आमदारकी म्हणजे हे असे होते.

आर्डिसचे कार्यालय मीच होते. रस्त्यावर समोरून ओळखीची गाडी आली, की आम्ही दोघी खिडकीला खिडकी लावून थांबायचो, इंजिने चालूच. मग कोणी खराब पुलाचे सांगे, कोणी शाळेच्या बसचे, कोणी नुसतेच आपल्या सुनेचे. मागून दुसरी गाडी आली तरी ती भोंगा वाजवत नसे. तिलाही काहीतरी सांगायचेच असे. मतदारसंघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला सकाळची दुपार व्हायची, आणि असे थांबत थांबत गेले तर संध्याकाळ.

राजधानीत, त्या मोठ्या घुमटाच्या आवारात, मी चकचकीत गाड्यांच्या रांगेत चिखलासकट उभी राही. पहारेकरी आर्डिसला म्हणे, "बाई, अर्धा तालुका चाकाला लावून आणलात की!" ती म्हणे, "उरलेला अर्धा पुढच्या खेपेला." मला तेव्हा फार अभिमान वाटायचा. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मला धुऊनपुसून, झेंडे लावून सगळ्यांत पुढे चालवत, आणि मुले माझ्या बॉनेटवर हात फिरवून जात.

आर्डिस दर वेळी एका गोष्टीसाठी हटून बसायची. ती म्हणजे आमचे 'होम'. ज्यांना आता एकट्याने उठता-बसता येत नाही अशा म्हाताऱ्यांचे विलो फोर्कमधले ते बसके विटांचे घर. राज्याकडून त्याला जे मिळे त्यात भागत नसे. दर अधिवेशनात ते बंद करायची गोष्ट निघे आणि दर अधिवेशनात आर्डिस थोडेफार वाढवून आणी. वेंडेलची बायको व्हर्ना तिथे होती. तिची आठवण विरत चालली होती. वेंडेल रोज दुपारी जाऊन तिला स्वतःच्या हाताने जेवू घाली. ती त्याला ओळखे असे नाही, पण त्याच्या हातूनच जेवे. दुसऱ्या कोणाच्या हातचा घास ती तोंडातच धरून ठेवायची.

आता मित्रांनो, मनाला लागणारी गोष्ट सांगते.

दर दहा वर्षांनी आमच्या देशात माणसे मोजतात. त्या मोजणीवरून मतदारसंघांच्या रेघा नव्याने आखतात. त्या वर्षी मोजणारा माणूस दारोदार फिरत होता. आणि आमच्याकडची एक रीत तुम्हाला ठाऊक हवी. कोणाला 'तुझी गुरे किती' असे विचारायचे नसते. ते विचारणे म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणे. सख्खा भाऊ भावाला विचारत नाही. मग कोणी परका येऊन 'घरात किती जण' म्हणाला, तर आमच्या माणसांनी त्याला कोणत्या नजरेने पाहिले असेल!

एका सकाळी सगळे माझ्या कडेला टेकून उभे होते. वेंडेल रंगात आला होता.

"फाटकाशी उभा राहिला. गळ्यात ओळखपत्र, हातात ते यंत्र. म्हणे, घरात किती माणसं राहतात? मी म्हटलं, आधी तुझ्या घरातली सांग. मग ठरवू."

"मग?"

"मग काय! माझं कुत्रं दिसलं आणि गडी पळाला. कुत्रं बिचारं शेपूट हलवत होतं."

हशा पिकला. दुसऱ्याने सांगितले की त्याने दारच उघडले नाही. तिसऱ्याने सांगितले की त्याने मोजणाऱ्याला नदीपलीकडचा चुकीचा रस्ता दाखवला. प्रत्येकाची कहाणी आधीच्यापेक्षा वरचढ होती.

आर्डिस हसली नाही. "वेंडेल, तो माणसं मोजतो रे. गुरं नाही."

"आज माणसं, उद्या गुरं."

"त्याचा उपयोग असतो."

"कोणाला? त्याला असेल. मी आहे हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. तेवढं पुरे."

आर्डिसने माझे दार उघडले. नंतर घराकडे जाताना ती मला म्हणाली, "जो माणूस माझ्या गाईंसाठी गोठ्यात जागतो, त्याला मी शिकवू होय, की दारात आलेल्याशी कसं बोलावं?" तिने पुढे तो विषय कोणाकडेच काढला नाही. ती आमदार होती, पण त्याआधी ती शेजारीण होती. मला वाटते, तिथेच आमचे घोडे अडले.

नव्या रेघा आखल्या गेल्या तेव्हा आम्ही राजधानीत गेलो होतो. आर्डिस त्या बैठकीतून बाहेर आली आणि माझ्यात येऊन बसली. मग वेंडेलला फोन लावून तिने सांगितले, "आपण कमी पडलो, वेंडेल. आपला मतदारसंघ ब्रँडन शहराच्या पूर्व भागाला जोडलाय. तो रेघ आखणारा मला म्हणाला, अजून शे-दोनशे माणसं मोजली गेली असती तर रेघ नदीवरच थांबली असती."

पलीकडून वेंडेल काय बोलला ते मला ऐकू आले नाही. आर्डिस म्हणाली, "नाही, तुला बोल नाही लावत. नुसतं सांगतेय."

ब्रँडन आमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथला उमेदवार विमा विकणारा, गोड बोलणारा गृहस्थ. माणूस वाईट नव्हता, हे मला कबूल करायलाच हवे. आर्डिस मला घेऊन त्या शहराच्या गल्ल्यांतून हिंडली. समोरून येणाऱ्या गाडीपाशी तिने सवयीने खिडकी खाली केली, तर मागच्यांनी भोंगे वाजवून कान किटवले. एका पोरीने विचारले, "बाई, रस्ता चुकलात का?" विलो फोर्कने एकूण एक मते आर्डिसला दिली. ब्रँडनने दिली नाहीत. ती पडली. घरी येताना रस्त्याने भेटलेल्या प्रत्येकाने स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नेहमीसारखा रामराम केला. कोणी थांबले मात्र नाही.

पुढच्या अधिवेशनात होमची गोष्ट निघाली तेव्हा नवे आमदार सभागृहात होते, पण बोलले नाहीत. त्यांनी ते घर कधी पाहिलेच नव्हते. वसंतात होमच्या दाराला कुलूप लागले. तिथली माणसे जिथे जागा मिळेल तिथे विखुरली. व्हर्नाला ब्रँडनमध्ये जागा मिळाली.

वेंडेलची गाडी तेवढ्या लांबच्या भरवशाची राहिली नव्हती, म्हणून आर्डिसने मला दिले आणि तीही सोबत निघाली. व्हर्नाला पुढे दोघांच्या मध्ये बसवले आणि हौद्यात तिची आरामखुर्ची, रजई आणि भिंतीवरचे घड्याळ बांधले. सगळ्या वाटेवर ती विचारत होती, "आपण जेवायला चाललोय ना?" वेंडेल म्हणे, "हो गं." परत येताना मधली जागा रिकामी होती. गावाबाहेर वेंडेलने मला एकदम कडेला थांबवले आणि स्टिअरिंगवर डोके टेकले.

"मीच ना गं, आर्डिस?"

"तू एकटा नाहीस."

"पण मी हसत होतो."

"वेंडेल, मीही गप्प होते. चल, गाडी चालू कर. थंडी वाजतेय."

आर्डिसचे गुडघे गेले, तेव्हा तिने गुरे विकली, मला वेंडेलला देऊन टाकले आणि ती दूर लेकीकडे राहायला गेली. वेंडेल आठवड्यातून एकदा मला ब्रँडनला न्यायचा. त्याच्याने जमेनासे झाले आणि माझे इंजिनही बसले, तशी मी इथे गवतात आले. आता एक भला शेजारी त्याला महिन्यातून एकदा नेतो. रोज व्हर्नाला कोण भरवते, तिने घास गिळला की नाही, हे वेंडेल कोणाला विचारत नाही. ऐकवणार नाही त्याला.

या उन्हाळ्यात पुन्हा माणसे मोजली जात आहेत. परवा एक तरुण पोरगी चालत आली. वेंडेल कुंपणापाशी होता. त्याने तिला फाटक स्वतः उघडून दिले, घरातून दोन पेले कॉफी आणली आणि तिचा पेला माझ्या बॉनेटवर ठेवला.

"विचार, पोरी. काय विचारायचं ते विचार."

"फार नाही, आजोबा. घरात किती माणसं?"

"दोन."

"तुम्ही, आणि?"

"बायको. व्हर्ना स्कार. नीट लिही, शेवटी दोन 'आर' नकोत, एकच."

तिने नाव टिपले आणि घराकडे पाहिले. "त्या आत आहेत?"

"नाही, ब्रँडनला. तिथल्या होममध्ये."

"कायमच्या तिथंच राहतात?"

वेंडेलने होकाराची मान हलवली.

"मग त्या तिथं मोजल्या जातील, आजोबा. ब्रँडनमध्ये."

"ब्रँडनच्या वाट्याला?"

"हो. जिथं राहतात तिथंच धरतात."

"ती विलो फोर्कची आहे. इथंच जन्मली. ती तिकडं आपणहून गेली नाही, पोरी. आम्ही..."

पोरगी चांगली होती. तिने घाई केली नाही. तिने हळूच विचारले, "मग किती लिहू?"

वेंडेलने टोपी काढली आणि हातात धरली.

"एक," तो म्हणाला.

मित्रांनो, मी तर लोखंडाची. मला कोणी मोजले नाही तरी चालेल. पण तुमच्या दारात कोणी तुमची गणती करायला आले, तर कुत्र्याच्या गमती सांगू नका. आणि तुमचा शेजारी सांगत असेल तर हसून घेऊ नका, त्याला वाईट वाटले तरी बोला. माणसे गावात आहेत तोवरच ती गावाची म्हणून मोजली जातात.