आदेरितोचा बिघडलेला ट्रॅक्टर

त्या डोंगरगावात चेस्टनटची बाग फळांवरून कमी आणि झाडांखालच्या जमिनीवरून जास्त जोखत. नांगरून भुसभुशीत केलेली जमीन म्हणजे माणूस कामाचा. गवत दिसलं की गेला कामातून. रविवारी चर्चमधून परतताना सगळ्यांची नजर एकमेकांच्या झाडांच्या बुंध्यांशी. आदेरितो वर्षातून तीनदा नांगरायचा, तेही शेजारच्या एर्मिनियोच्या आधी.

यंदा त्याची खालची ओळ वाळली. शेतकी खात्याच्या बाईंनी मूळ उकरून दाखवलं. शाई सांडल्यासारखं काळं!

"हा शाईरोग. मातीत असतो," त्या म्हणाल्या. "नांगराने मुळं तुटतात आणि चाकांच्या चिखलाबरोबर तो पुढच्या झाडाकडे जातो. वरचं मोठं झाड अजून धडधाकट आहे. तिथे नांगर नेऊ नका."

मोठं झाड आज्याने लावलेलं. लहानपणी मार चुकवायला आदेरितो त्याच्याच ढोलीत लपायचा.

"मग नको नांगरूस," बायको झुल्मिरा म्हणाली. "विचारलंच कुणी, तर सांग रोग आलाय."

"म्हणजे मीच तीनदा नांगरून पसरवला, असं सांगू?"

त्याने ट्रॅक्टरवर ताडपत्री टाकली आणि कॅफेत जाहीर केलं, गिअरबॉक्स गेला. लोक इतके हळहळले की त्याने क्लचही गेल्याचं सांगून टाकलं. इकडे गवत गुडघ्याला लागलं.

एका सकाळी बागेत घरघर ऐकू आली. एर्मिनियो स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. मागे नांगर, चाकांना त्याच्या बागेतला ओला चिखल, आणि रोख थेट मोठ्या झाडाकडे.

"आभार मानू नकोस!" तो वरूनच ओरडला. "शेजारी कशाला असतात?"

आदेरितो हातात पाव, पायात सपाता अशा अवतारात धावला आणि झाडापुढे हात पसरून उभा राहिला. "थांब! माझा ट्रॅक्टर चांगला आहे!"

"मग नांगरलं का नाहीस?"

"मी... आळशी झालोय."

एर्मिनियोने इंजिन बंद केलं, टोपी काढली. "कधीपासून रे?"

"मार्चपासून."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"अरे, शाईरोग आहे!" मागून झुल्मिरा ओरडली. "नांगराने पसरतो. याला सांगायची लाज वाटते, म्हणून आळशी झालाय!"

एर्मिनियो खाली उतरला आणि आपल्या चाकांवरचा चिखल बघू लागला. मग हळूच म्हणाला, "माझीही दोन झाडं वाळलीत. मला वाटलं, नांगरट कमी पडली."

"चाकं धुऊन ये," आदेरितो पाव मोडत म्हणाला. "मग बसू. आळशी कसं व्हायचं ते शिकवतो."