लाल काचेतला एक

बिराप्पाच्या लग्नाचे फोटो काढायला गोपाळकृष्णानं होकार दिला, तेव्हा त्यानं जन्मात एकच रोल काढला होता, तोही शाळेच्या झेंडावंदनाचा. दोघं परंड्याच्या शाळेत एका बाकावर बसलेले. पुढं हा बेंबळीत मास्तर झाला, तो सोनारीत बापाची मेंढरं राखू लागला. मित्राला नाही म्हणवलं नाही. बार्शीच्या मेहुण्याचा पेटीकॅमेरा मागून घेऊन तो सोनारीला उतरला.

मांडवात पाय ठेवताच बिराप्पाची आई सिताबाई जवळ आली. "मास्तर, माझा थोरला सिद्धलिंग पटकीत गेला. त्याचा फोटू न्हाय. आता डोळं मिटलं तरी त्याचं त्वांड दिसत न्हाय. ह्याचा तेवढा नीट काढा."



हळद लागली, अंतरपाट सरला, ज्वारीच्या अक्षता उडाल्या. दर वेळी त्यानं खटका दाबला, चावी फिरवली. हलगी कडाडत असतानाच त्याला जाणवलं, चावी फारच हलकी फिरतेय. कॅमेऱ्याच्या पाठीला लाल काच होती, तिच्यातून फिल्मवरचा आकडा दिसायचा. घाईगडबडीत सकाळपासून तिकडं त्याचं लक्षच गेलं नव्हतं. हाताचा आडोसा करून त्यानं बघितलं. एक. पुन्हा चावी फिरवली. एकच.

फिल्म सरकलीच नव्हती. सगळं लग्न एकाच चौकटीवर चढलं होतं.

मांडवामागं जाऊन तो दगडावर टेकला. मनात आलं, गप्प बसावं, एसटी धरावी, मग सोलापूरच्या स्टुडिओत रोल बिघडला म्हणून सांगावं. तेवढ्यात सिताबाई समोर उभी.

"काय झालं वो? घाम का सुटलाय?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, आणि खरं तेच बाहेर पडलं.

सिताबाईचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हंजी ह्योबी न्हाय?" ती इतक्या हळू म्हणाली, की गोपाळकृष्णाच्या अंगावर काटा आला.

"काकू, असं बोलू नका. मिट्ट अंधार मिळाला तर पेटी उघडून फिल्म बसवता येईल. उजेड शिरला तर मात्र सगळंच गेलं."

ती गेली आणि घोंगड्यांचा ढीग घेऊन आली. मेंढवाड्याच्या छपरात तिनं एकावर एक घोंगडी त्याच्यावर टाकली, कडा दाबून धरल्या. आत श्वास कोंडला, लोकर तोंडात गेली. चाचपडूनही चावीची खाच सापडेना. बाहेर कुणीतरी ओरडलं, "उन्हं उतरली, देवाला निघायचंय!" ऊन गेलं तर हा कॅमेरा आंधळाच. त्यानं डोळे घट्ट मिटले, रीळ दाबलं, चावी फिरवली. या वेळी ती जड लागली.

बाहेर येऊन काचेत बघितलं. दोन.

शेवटचं ऊन पडलेल्या भिंतीपुढं त्यानं बिराप्पाला आणि नवरीला, अयोध्याला, उभं केलं. सिताबाईनं लेकाचा दंड धरला होता.

"आई, बाजूला व्हय की," बिराप्पा म्हणाला.

"न्हाय सोडत म्या."

गोपाळकृष्णानं खटका दाबला. पुढचा काढेपर्यंत ऊन भिंतीवरून गेलं होतं.

सोलापूरला फोटो आणायला गेला, तर स्टुडिओची पायरी चढवेना. समोरच्या हॉटेलात चहा निवून गेला. शेवटी आत गेला. पहिली चौकट नुसती काळवंडलेली; दुसरी आली होती.

सोनारीला त्यानं फोटो सिताबाईच्या हातात दिला. तिनं लेकाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलं, बराच वेळ काढलं नाही. "बिराप्पाच हाय," ती म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. मग बोट बाजूला सरकलं. नवरीच्या जागी मुंडावळ्या होत्या, पण चेहऱ्याचा नुसता धुरकट डाग.

"आन हिचं त्वांड?"

"हलली असंल, काकू."

चुलीपुढं बसलेल्या अयोध्याकडं सिताबाईनं घाबऱ्या नजरेनं बघितलं. फोटो तिनं झटकन पदराखाली घेतला.

"पोरीला दावू नका. पुन्यांदा काढा, मास्तर. लवकर."

कॅमेरा मेहुण्याला परत दिलेला होता. चहासुद्धा न घेता गोपाळकृष्ण उठला आणि फाट्याकडं चालू लागला. बार्शीची गाडी अजून मिळण्यासारखी होती.