फळ्यावरचं अभिनंदन

गिरण्यांचा संप सुरू होऊन तीन वर्षं होत आली होती. नाहूरला रेल्वेच्या रुळांपलीकडे आमची वस्ती. बाप घरी बसलेले आणि पोरं खंडूच्या मागे. खंडू त्यांना चहा पाजायचा, पिक्चर दाखवायचा, मग एके दिवशी हातात चॉपर द्यायचा. सोळा वर्षांच्या एका पोराचं पोट फाटलं तेव्हा आम्ही जागे झालो.

शाळेचे हेडमास्तर, चौकीचे फौजदार, म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या कुंदा सिस्टर, वस्तीच्या मंडळातर्फे लवू आणि बुद्धविहारातर्फे मी, असे पाच जण दर शनिवारी शाळा सुटल्यावर सातवीच्या वर्गात बसायचो. कोण शाळा बुडवतो, कोण मलमपट्टीला आला, कोण खंडूबरोबर दिसला, ज्याला जे कळेल ते तिथं सांगायचं. बाहेर मात्र एक शब्द न्यायचा नाही.

त्या शनिवारी सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, "जानकीबाईंचा नंदू आला होता माझ्याकडे. उद्या खंडूची पोरं पलीकडच्या गल्लीवर चालून जाणार आहेत. आठ चॉपर नाल्याकाठच्या सिमेंटच्या पाइपात आहेत. खंडूनं ते नंदूला लपवायला लावले. सांगताना नुसता थरथरत होता पोरगा."

फौजदारांनी सहज झडती घेतल्याचं दाखवून चॉपर नेले. रविवारी काही झालं नाही.

सोमवारी कारखान्यातली पहिली पाळी करून मी परतलो आणि मंडळाच्या फळ्यापाशी थांबलो. पाणी कधी बंद, कोण वारलं, कोण दहावी पास झालं, सगळं त्या फळ्यावर येतं. मला अक्षर उशिरा आलं, त्यामुळे मी एकेक शब्द बोटानं वाचतो. रंगीत खडूनं लिहिलं होतं: 'रविवारचा अनर्थ टळला. शस्त्रांची माहिती देणारे कु. नंदकुमार काशीराम परब यांचे मंडळातर्फे जाहीर अभिनंदन.' चारी कोपऱ्यांत फुलं काढली होती.

खांद्यावरच्या टॉवेलनं मी फळा पुसायला लागलो. मंडळाच्या खोलीतून लवू धावत आला.

"पुसतंस कित्याक रे धोंडिराम? तास गेलो माझो लिवूक!"

"कधी लिहिलंस?"

"बारा वाजता. अरे, चांगला केल्यान पोरान, त्याचा नाव होवक नको? अकरा वर्सां मी चांगल्या कामाचा नाव लिवतंय."

तेव्हा चार वाजत आले होते. फळ्यासमोरच कॅरम मांडलेला असतो आणि दुपारभर तिथं खंडूचीच पोरं असतात. आज कॅरम होता, पोरं नव्हती. लवूनं एकदा तिकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे. मग तो खाली पायरीवर बसला.

"माझ्या हातान मारलंय रे पोराक," म्हणाला.

मी दवाखान्यात पळालो. सिस्टरनी चौकीत फोन लावला. फौजदार म्हणाले, दारात शिपाई बसवतो.

"किती दिवस बसवाल, साहेब? आणि शिपाई दिसला की फळ्यावरचं खरंच ठरलं," सिस्टर म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी डोकं धरलं, मग उठल्या. "गॅस्ट्रोची गाडी बोलावते. तिच्याजवळ कुणी येत नाही."

जानकीच्या खोलीत नंदू पाण्याच्या पिंपामागे बसला होता. त्याला कळलं होतं. त्याचा बाप काशीराम गावी गेलेला. मी सगळं सांगेपर्यंत जानकी दाराची कडी घट्ट धरून उभी होती.

"जानकीबाई, आता मोठ्यानं रडायचं," सिस्टर म्हणाल्या. "पोरगा उलट्या-जुलाबांनी अर्धमेला झालाय, असं दिसलं पाहिजे."

"माका रडूक शिकवूक होया काय?" जानकी म्हणाली, आणि तिनं असा टाहो फोडला की माझ्याच अंगावर काटा आला.

स्ट्रेचरवर नंदू, वर पांढरी चादर. ड्रायव्हरनं पुढून धरलं, मी मागून. बाया नाकाला पदर लावून दारं लोटत होत्या. गल्लीच्या तोंडाशी गाडी होती आणि गाडीला टेकून खंडू.

"बाजूला हो. गॅस्ट्रो आहे," सिस्टर म्हणाल्या.

"सकाळी तर पाव खात होता की."

"मग तेच बाधलं असेल. हो बाजूला."

खंडू चादरीकडे बघत राहिला. चादरीखाली नंदूचा पाय थडथड उडत होता. मी तो हातानं दाबून धरला.

"बरा होऊ दे," खंडू जानकीला म्हणाला. "कुठल्या हॉस्पिटलात ठेवताय ते सांग, मावशी. भेटायला येतो." आणि बाजूला झाला.

नंदूला आत सरकवल्यावर सिस्टर जानकीच्या कानाशी वाकल्या. तो खरा कुठं जाणार, ते सांगायला. जानकीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"नको बाय. माका सांगू नको. खंडू माझ्या दारात येतलो. माका म्हायत असला तर माझ्या तोंडातसून भायर पडात."

गाडी गेली. मलाही सिस्टरनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी खंडू केळी घेऊन आला. मी शेजारच्या ओट्यावर बसलो होतो, उठायची हिंमत नव्हती.

"कुठं ठेवलाय, मावशी?"

जानकीनं सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. "माका म्हायत नाय."

तो तिच्या उंबऱ्यावर बसला आणि तिच्याकडे बघत एकेक केळं सोलून खात राहिला. डझनभर होती. सगळी संपेपर्यंत जानकी तशीच उभी होती.