गुलछडीची नुसती पात

गुलछडीचा जुना, सुकलेला कंद मी. मित्रांनो, तुम्ही मला कांदाच समजाल. सोनईजवळच्या एका वस्तीवर जयमालाबाईंनी तीन वर्षांपूर्वी मला लावले. पहिल्याच श्रावणात मी उंच दांडा दिला. त्यांच्या सासूबाई, रंगुबाई, फुले हुंगून म्हणाल्या, "लई गोड वास हाय गं!" आमच्यात एक कंद एकदाच फुलतो. मग मी माझ्याभोवती पिल्ले वाढवली.

यंदा उन्हाळ्यात आम्हाला खणून काढले. मोठे कंद पुन्हा वाफ्यात गेले, बारक्या पिल्लांचा ढीग मात्र उरला. त्याच दिवसांत रंगुबाई ओट्यावरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले आणि त्या अंथरुणाला खिळल्या. घरात त्या दोघीच. जयमालाबाईंना मजुरीला जाता येईना. ती पिल्ले तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावून विकायची, असे त्यांनी ठरवले.

रंगुबाई म्हणाल्या, "बारक्या कंदाला पहिल्या साली फूल येत न्हाई. नुसती पात येती. वरीसभर थांब."

"तवर तुमाला एकटं टाकून खुरपायला जाऊ व्हय, आत्या?"

महिन्याभरात डबे हिरवेगार झाले. सोनईच्या बाजारात बरेचसे खपले. त्या दिवशी जयमालाबाई गुणगुणत घरी आल्या. एक डबा त्यांनी दारात ठेवला होता. त्यात पिल्लांसोबत मीही होतो.

दिवाळी आली, फूल कुठेच आले नाही. शाळेतल्या दमयंतीबाई बाजारातून नेलेला डबा घेऊन वस्तीवर आल्या.

"रोज पाणी घातलं मी. दिवाळीला फूल येईल, असं तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"व्हय बाई, मीच सांगितलं हुतं." जयमालाबाईंनी मान वर केली नाही.

ही गोष्ट गावभर झाली आणि पुढच्या बाजारी त्यांच्यापुढे कुणी थांबले नाही. घरी येताच त्यांनी सगळे डबे उकिरड्यावर उपडे केले, दारातलासुद्धा. पिल्ले जिवंत होती. आणखी वर्षाने ती फुललीही असती.

आता जयमालाबाई सकाळीच खुरपायला जातात. दुपारी रंगुबाईंच्या उशाचा तांब्या रिकामा होतो. त्या हाक मारतात. मला ती ऐकू येते, पण मी ओ कसा देणार?

मित्रांनो, बारका कंद घरी आणलात तर त्याला दुसरे वर्षही द्या. आणि कुणाच्या घरातून अशी हाक आली, तर आत जाऊन पाणी हवे का ते विचारा. रंगुबाई हल्ली फारशा हाका मारत नाहीत.