कमरेला पट्टी असलेलं झाड

मित्रांनो, माझी ओळख साधी आहे. मी पोलादाची एक जुनी पट्टी. बोटभर रुंद, एका टोकाला स्प्रिंग. चौदा वर्षं एका झाडाच्या कमरेला बसले होते. खोड जाड झालं की स्प्रिंग ताणली जाते आणि माझ्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर वाढतं. ते मोजायला प्रयोगशाळेतल्या ताई दर सोमवारी येत.

कारखान्यातली माझी भावंडं खोकी बांधायला गेली. मला मात्र जिवंत अंगाला टेकायला मिळालं. झाड पानांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेई आणि त्यातल्या कार्बनचं लाकूड करी. वर्षाला बारा मिलिमीटर. लेकराची उंची भिंतीवर लिहावी तसा ताई तो आकडा वहीत लिहीत. "अंगानं भरलंय हं," म्हणत. माझंही कौतुक होई, पट्टी चोख आहे म्हणून.

मग उन्हाळे लांबले. अंगातलं पाणी उडू नये म्हणून झाड पानांची बारीक छिद्रं मिटून घेऊ लागलं. छिद्रं मिटली की हवाही आत येत नाही. म्हणजे पाणी वाचवायचं तर उपाशी राहायचं. बाराचे पाच झाले, पाचाचे दोन. एका वर्षी अंतर उलट कमी झालं. ताईंना वाटलं, स्प्रिंगच गेली. त्यांनी नवी बसवली. आकडा तोच आला. तहानेनं खोडच आकसलं होतं. खरंच मीच बिघडलेली असते तर किती बरं झालं असतं.

नळ वीस पावलांवर होता. पण उन्हाळा झाडाचं काय करतो ते कळावं, म्हणून पट्टीच्या झाडांना पाणी घालायचं नाही असा नियम होता. प्रयोगशाळेसमोरच्या हिरवळीला रोज फवारे, आणि माझ्या झाडाला माझ्यामुळे थेंब नाही.

माळीकाकांना ते बघवेना. "ताई, दोन बादल्या ओततो. पट्टी काय चुगली करणार आहे?"

"करणारच काका. तेच तिचं काम."

"मग तिच्यावर फडकं टाकतो."

ताई हसल्या. "आकडे खरे राहिले तरच वरचे लोक ऐकतील. मग सगळ्याच झाडांचं काहीतरी होईल."

"आणि तोवर याचं काय? लेकीला ताप आला तर नुसता थर्मामीटर लावून बसता का तुम्ही?"

त्याच दिवशी ताईंनी प्रयोगशाळेच्या साहेबांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, अजून एक उन्हाळा पाहू.

त्या उन्हाळ्यात भलत्याच वेळी पानं गळाली. ताईंनी नियम मोडून स्वतः नळ सोडला. माती पाणी प्यायली. आठ सोमवार मी केसभर ताणाची वाट पाहिली. खोड भरलं नाही. माझ्याखालची साल सुटली आणि मी घसरत बुंध्याशी आले.

आता बुरशी आणि किडे हे लाकूड कुजवतात. हवेतून घेतलेला कार्बन थोडा थोडा हवेत परत जातो. तापलेल्या मातीत हे काम लवकर उरकतं, आणि त्या कार्बनमुळे हवा आणखी तापते. माझी स्प्रिंग सैल पडली आहे. हे अडवणं माझ्या हातात नाही.

मित्रांनो, शेजारच्या नऊ झाडांना अजून पट्ट्या आहेत. त्यांचे आकडेही उतरू लागले आहेत. दर सोमवारी ते वहीत लिहिले जातात. तुमच्यापैकी कुणीतरी ते वेळेत वाचा, आणि वाचून नुसती वही मिटू नका.