आडव्या झाडापाशी

आयुष्यभर कारखान्यात लेथवर, म्हणजे कातयंत्रावर, लोखंड कातलं म्हणून सगळे त्याला टर्नरच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्याने घरामागच्या शेडमध्ये एक जुनी जीप आणून उभी केली. बायको नर्स होती. हॉस्पिटलात सगळे सिस्टर म्हणायचे, म्हणून तोही थट्टेने तेच म्हणे.

जीप अशी करायची की जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाता यावं. त्याने जाड स्प्रिंगा घालून ती उंच केली, खोल नक्षीचे टायर चढवले, पोटाखाली पोलादी पत्रा ठोकला. पुढे विंच बसवली. विंच म्हणजे मोटरवर फिरणारं रीळ. तारेचा दोर झाडाला अडकवला की चिखलातली गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. मागे दोघांना झोपता येईल अशी फळी, तिच्यावरच्या गादीची खोळ सिस्टरने शिवली.

"सवत आणलीत घरात," ती म्हणायची.

"आणली. पण ही उलट बोलत नाही हो!"

मुंगीलाही वाट देणारा माणूस तो. शेडमध्ये पाल निघाली तर कागदावर घेऊन बाहेर सोडायचा.

पहिल्या मोठ्या प्रवासात भर दुपारी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर झाड आडवं पडलेलं दिसलं. टर्नर खूश झाला. "बघ, विंच कशाला घेतली विचारत होतीस ना?" दोर खोडाला अडकवून त्याने विंचचं बटण दाबलं आणि दोर ताणून घेतला. सिस्टर खाली उतरली, तेव्हा तिला बुंध्यावरचे कुऱ्हाडीचे ताजे घाव दिसले.

"अहो," ती ओरडली, "झाड पडलेलं नाही, पाडलंय!"

तोवर खडकांमागून तिघे आले होते. एकाने तिचे केस धरून तिला मागे खेचलं. दुसऱ्याने टर्नरच्या कानशिलावर काठी घातली. कान फाटला, गळ्यावरून रक्ताचा ओघळ उतरला. तिसरा, लाल शर्टातला, गाडीत शिरून सामान बाहेर फेकू लागला.

"सगळं न्या," टर्नर हात जोडून म्हणाला. "हिला सोडा."

केस धरणाऱ्याने तिच्या गळ्यातली साखळी हिसडली. ती तुटेना, तसं त्याने सिस्टरच्या तोंडावर बुक्की मारली. तिच्या तोंडातून दात पडला. तो दात धुळीत पडलेला टर्नरने पाहिला, आणि त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी विझलं.

टायर बदलताना गाडी उचलायच्या मोठ्या जॅकचा लोखंडी दांडा दाराशी पडला होता. तो त्याने उचलला. पहिला घाव काठीवाल्याच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सिस्टरला ओळखीचा होता. दुसरा घाव तिला धरणाऱ्याच्या मनगटावर. तो किंचाळत पळाला, लंगडा त्याच्यामागे फरफटत गेला. लाल शर्टवाला गाडीतून उडी मारून पळू लागला, पण त्याचा पाय विंचच्या ताणलेल्या दोराला अडकला आणि तो तोंडावर आपटला.

टर्नरने त्याला उताणा केला आणि मारायला सुरुवात केली.

"नका मारू, पाया पडतो," तो म्हणत होता. मग म्हणायचा थांबला. दांडा खांद्यावर, बरगड्यांवर, तोंडावर पडत राहिला. टर्नर शिव्या देत नव्हता, ओरडतही नव्हता. लेथवर काम करताना ओठ मिटलेले असायचे, तसेच मिटलेले होते. सिस्टरला ते पाहून तिघा लुटारूंची वाटली नव्हती तेवढी भीती वाटली.

"बास! मेला तो! अहो, बास!"

त्याला ऐकूच येत नव्हतं. शेवटी ती मध्ये पडली. वर गेलेला दांडा तिच्या हातावर उतरला आणि हात कोपराखाली मोडून वाकला.

तेव्हा कुठे तो भानावर आला.

लाल शर्टवाला श्वास घेत होता. सिस्टरने एका हाताने आणि दातांनी पट्ट्या बांधल्या, टर्नरकडून त्याला खोळ घातलेल्या गादीवर निजवून घेतलं. विंचने झाड ओढून बाजूला केलं. हॉस्पिटलपर्यंत वाटभर ती मागे त्या माणसाची मान धरून बसली.

"तुझ्यासाठी केलं गं," टर्नर पुढून म्हणाला.

"पहिले दोन घाव माझ्यासाठी होते. पुढचे कुणासाठी?"

त्याने गिअर बदलला.

पोलिसांनी स्वसंरक्षण ठरवलं. तो माणूस वाचला, पण एक डोळा गेला. शेजारीपाजारी टर्नरची पाठ थोपटायला येत, आणि तो शेडचं दार लावून आत बसे.

तिच्या हाताचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तो चहा घेऊन आला. ती खुर्ची मागे सरकवून बसली. त्याच्या लक्षात आलं.

"घाबरतेस मला?"

"हो," ती म्हणाली. "लपवायचं कशाला."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मीही घाबरतो. रात्री हात उशीखाली दाबून झोपतो."

हे त्याने आजवर सांगितलं नव्हतं. सिस्टरने त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. टाके घातलेला कान वाकडा जुळला होता. ती उठली, त्याची मान दिव्याकडे वळवली आणि जखम तपासू लागली. तपासून झालं तरी तिने बोटं काढून घेतली नाहीत.