चाळिसातलं एक काडतूस

वाल्द्रेसच्या खोऱ्यात तोरलाइवच्या काडतुसांना कुणी नाव ठेवत नसे. आजोबांच्या जुन्या लष्करी क्राग बंदुकीसाठी तो स्वतः शिसं ओतायचा, दारू मापायचा, गोळी बसवायचा. चाळीस वर्षांत एक काडतूस फसलं नव्हतं, आणि हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. नेम धरायची ती त्याची बायको, गुनवोर.

रीत साधी होती. काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी फळीवर तोंड खाली करून ठेवायची, दारू भरली की तोंड वर. शुक्रवारी, रविवारच्या स्पर्धेसाठी चाळीस काडतुसं भरताना, मधेच मेव्हण्याचा फोन आला. मेंढ्यांचं पुराण वीस मिनिटं चाललं. नेमबाजी मंडळाच्या वर्गात "भरताना फोन बंद!" असं दरडावणारा हाच गडी बरं का. परत येऊन त्यानं मापाखाली राहिलेल्या पुंगळीपासून उरलेल्या सगळ्या भरल्या, वर गोळ्या बसवल्या आणि मोकळा झाला.

रविवारी न्याहारीला, पावावर तपकिरी चीज ठेवता ठेवता त्याला आठवलं, दारूचा डबा तोलायचा राहिलाय. तोलला. एक माप जास्त गेलेलं! सांडलं असेल? की एका पुंगळीत दोनदा पडलं? दारू इतकी थोडी लागायची, की दुप्पट पडली तरी वरून कळत नसे. काडतुसं तोलून उपयोग नव्हता. पितळ निरनिराळ्या कारखान्यांचं, वजनं मुळातच वेगळी. आणि बार मागून कोंडून धरणाऱ्या क्रागच्या खिट्टीला दात एकच. दुप्पट दाबानं तो तुटला तर सगळं मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडावर.

"सांडलंच असेल," तो मनाशी म्हणाला आणि गाडीत बसला.

मैदानात गुनवोर चटईवर पालथी पडली. पहिल्या दहा गोळ्या निशाणाच्या काळ्या गोलात. लोक माना वर करून बघायला लागले. तोरलाइव मात्र प्रत्येक बाराला डोळे मिटत होता. अकरावं काडतूस आत गेलं आणि त्याला राहवेना.

"थांब! गुनवोर, थांब! मारू नकोस!"

मैदानप्रमुखानं बंदूक रिकामी करवली. सगळ्यांदेखत तोरलाइवनं चूक सांगितली. कुणीतरी मागून म्हणालं, "घ्या, गुरुजीच नापास!" स्पर्धा गेली.

घरी येऊन गुनवोरनंच काडतुसं सोडवायचा पोकळ हातोडा घेतला. काडतूस त्यात अडकवायचं, ओट्यावर आपटायचं, की गोळी आणि दारू सुटी. सातव्याला दारू आलीच, बाकीच्यांच्या दुप्पट. तिनं त्या ढिगावर बोट ठेवलं.

"तुला शंका कधी आली?"

"मैदानात."

"तोरलाइव!"

"सकाळी. न्याहारीला."

"म्हणजे मी दहा बार मारले तेव्हा तुला ठाऊक होतं."

"वाटलं, सांडली असेल. आणि लोक काय म्हणतील…"

"लोक! अरे, माझा गाल त्या खिट्टीला टेकलेला होता. त्यांच्या शाबासकीपुढे मी इतकी स्वस्त झाले होय रे?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हातोडा त्याच्या हातात दिला, उरलेली तेवीस काडतुसं पुढ्यात सरकवली आणि ती आत निघून गेली.